मोजणीचा न्याय

पुणे शहराच्या इतिहासात इ. स. १८९७ हे वर्ष मोठ्या दुःखाचे गेले. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मुंबई बंदरात गाठीच्या तापाची, म्हणजेच प्लेगची, साथ सुरू झाली आणि काही महिन्यांतच ती पुण्यात येऊन ठेपली. काखेत किंवा जांघेत गाठ यावी, अंगात प्रखर ताप भरावा आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस दगावावा, असा हा रोग होता. लोक भरली घरे सोडून गावाबाहेरच्या माळरानावर झोपड्या घालून राहू लागले. रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला. साथ हटविण्यासाठी सरकारने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या चालविल्या. त्या जाचाने लोक संतापून गेले आणि २२ जून रोजी प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडविल्या.

सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात असा पराकाष्ठेचा अविश्वास भरला असताना प्लेगवरची नवी लस पुढे आली. ही लस टोचून घेतल्याने रोग टळतो असे काही जण म्हणत, तर ती टोचून घेतल्यानेच माणसे मरतात असे दुसरे म्हणत. खरे काय, हे ठरवावयाचे कसे? वादाने ते ठरणार नव्हते आणि हुकुमानेही ठरणार नव्हते. ते मोजणीने ठरले पाहिजे, असा आग्रह धरणारे शास्त्रज्ञ म्हणजेच त्या लसीचे जनक वॉल्डेमार हाफकिन होत.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला व मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाचे शिष्यत्व पत्करले. ज्यू लोकांवर त्या वेळी रशियात वारंवार हल्ले होत. आपल्या समाजाच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले आणि त्यापायी त्यांना अटकही सोसावी लागली. धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती. परंतु त्यांनी ती वाट नाकारली. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. प्रथम जिनीव्हा व नंतर पॅरिस येथे ते गेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आरंभी ग्रंथपालाचे काम मिळाले. फावल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसून सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करीत.

१८९२ साली त्यांनी पटकीच्या रोगावर लस तयार केली. ती निरुपद्रवी आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी १८ जुलै रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतले. पुढच्या वर्षी ते कलकत्त्यास आले. पटकी हा बंगालचा जुना वैरी होता. कलकत्त्यातील काट्टल बागान नावाच्या वस्तीत सुमारे २०० माणसे राहत होती; त्यांपैकी ११६ जणांनी १८९४ साली टोचून घेतले. पुढे तेथे पटकीची लागण झाली तेव्हा ती टोचून न घेतलेल्यांनाच झाली. हाफकिन यांना या गोष्टीचा आनंद झालाच. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. लस टोचलेले किती जण वाचले, एवढेच सांगून भागत नाही. त्याच ठिकाणी, त्याच काळात, न टोचलेल्यांचे काय झाले, हेही सांगावे लागते.

ही गोष्ट वरवर साधी दिसते. परंतु ती विसरल्यामुळे मोठमोठे लोक फसतात. एखाद्या गावात टोचून घेतलेल्या शंभरांपैकी पंचाण्णव जण सुखरूप राहिले, असे ऐकले की लस गुणकारी आहे असे वाटू लागते. पण त्याच गावात न टोचलेल्या शंभरांपैकीही पंचाण्णव जण सुखरूप राहिले असतील, तर लसीचा गुण तो कोणता? म्हणून एका रांगेने काही सिद्ध होत नाही. दोन रांगा लागतात आणि प्रत्येक रांगेत दोन घरे लागतात : रोग झालेले व रोग न झालेले. असे चार घरांचे कोष्टक पुढे मांडले, म्हणजे प्रश्नाला तोंड फुटते.

मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने हाफकिन यांना तेथे बोलावून घेतले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक लहानशी जागा आणि मोजकी माणसे घेऊन ते कामास लागले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडावयाचे, म्हणजे त्या थेंबांना लगटून जंतूंचे लोंबते झुबके तयार होत. पुढे उष्णता देऊन ते जंतू मारावयाचे, आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करावयाची, अशी त्यांची रीत होती. अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात आली त्याहून कितीतरी मोठी मात्रा त्यांनी घेतली होती. त्यांना सडकून ताप भरला. पण काही दिवसांत तो उतरला. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपखुशीने टोचून घेतले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. निकाल लसीच्या बाजूचा होता. पण माणसे थोडी होती. थोड्या माणसांच्या मोजणीत योगायोगाला पुष्कळ वाव असतो.

अधिक मोठी मोजणी पुण्याजवळ झाली. खडकीच्या छावणीत तोफखान्याच्या आश्रयाने राहणारे नोकरचाकर व त्यांची कुटुंबे मिळून १,५३० माणसे होती. त्यांपैकी ६७१ जणांनी टोचून घेतले. ८५९ जणांनी घेतले नाही. सर्वांची वस्ती एकच, पाणी एकच, वरचे अधिकारीही तेच. साथ येऊन गेल्यावर जी मोजदाद झाली, ती पुढीलप्रमाणे होती :

| | रोग झाला | रोग झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| टोचून घेतलेले | ३२ | ६३९ | ६७१ |
| न टोचलेले | १४३ | ७१६ | ८५९ |
| एकूण | १७५ | १,३५५ | १,५३० |

टोचून घेतलेल्यांपैकी १७ जण दगावले, न टोचलेल्यांपैकी ९८. म्हणजे पहिल्या रांगेत शंभरी मृत्यूंचे प्रमाण अडीचच्या आसपास, तर दुसऱ्या रांगेत ते अकराहून अधिक होते. लस टोचून घेतलेला माणूस कधीच आजारी पडत नाही, असा दावा हे कोष्टक करीत नाही. टोचूनही ३२ जणांना रोग झाला, हे ते लपवीत नाही. पण दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या असता त्यांतील अंतर डोळ्यांत भरते.

तरीही शंका घेणारा म्हणेल की, हे अंतर कशावरून योगायोगाने पडले नसेल? नाणे दहा वेळा उडविले असता सहा वेळा छापा पडतो. म्हणून काही ते नाणे खोटे ठरत नाही. या शंकेला हिशेबाने उत्तर देण्याचे एक सोयीचे साधन १८९७ साली अजून निघाले नव्हते. ते तीन वर्षांनी, १९०० साली, लंडनचे गणिती कार्ल पिअर्सन यांनी दिले. त्याला काय वर्ग कसोटी असे म्हणतात. पुढे १९२२ साली रोनाल्ड फिशर यांनी तिच्यातील एक चूक दुरुस्त केली आणि चार घरांच्या कोष्टकाला ती नेमकी कशी लावावयाची, हे दाखविले.

या कसोटीची रीत खडकीच्या आकड्यांवरून सहज समजते. क्षणभर असे धरावे की, लसीचा काहीच उपयोग नव्हता. मग १,५३० माणसांपैकी १७५ जणांना रोग झाला, त्याच प्रमाणात तो दोन्ही रांगांत वाटला गेला पाहिजे. ६७१ गुणिले १७५ भागिले १,५३० असा हिशेब केला, म्हणजे टोचून घेतलेल्यांत सुमारे ७७ रोगी असावयास हवे होते, असे उत्तर येते. ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात रोगी होते ३२. फरक सुमारे ४५ चा. चारही घरांत अशाच अपेक्षित संख्या काढाव्या. प्रत्येक घरातील फरकाचा वर्ग करून त्याला त्या घरातील अपेक्षित संख्येने भागावे. आणि चारही भागाकारांची बेरीज करावी. प्रत्यक्ष व अपेक्षित यांत जितके अंतर अधिक, तितकी ही बेरीज मोठी. दोन गोष्टींत मुळीच संबंध नसेल, तर चार घरांच्या कोष्टकात ती ३.८४ हून मोठी होण्याचा प्रसंग शंभरांत सुमारे पाच वेळाच येतो. खडकीच्या कोष्टकात ती सुमारे ५२ येते. इतके अंतर केवळ योगायोगाने पडावे, हे जवळजवळ अशक्य होय. मात्र एखाद्या घरातील अपेक्षित संख्या पाचाहूनही लहान असेल, तर ही कसोटी विश्वासाची राहत नाही. अशा वेळी फिशर यांनीच पुढे सांगितलेली दुसरी अचूक रीत वापरतात.

योगायोगाची शंका फिटली, तरी आणखी एक शंका उरते, आणि ती अधिक खोल आहे. खडकीत ज्यांनी टोचून घेतले, ते आपल्या इच्छेने पुढे आले होते. ते कदाचित अधिक सावध असतील, अधिक स्वच्छ राहत असतील, त्यांची घरे अधिक हवेशीर असतील. तसे असेल, तर त्यांना रोग कमी होण्याचे श्रेय लसीला द्यावे की त्यांच्या राहणीला? कोष्टकातील आकडे दोन गोष्टींचा संबंध दाखवितात; तो संबंध कशामुळे आला, हे ते आपण होऊन सांगत नाहीत. हाफकिन यांना ही अडचण पुरती ठाऊक होती. म्हणून त्यांनी असा प्रयोग योजला की, ज्यात दोन्ही रांगांतील माणसे शक्य तितकी सारखी असतील.

त्यासाठी बडोद्याच्या गायकवाड संस्थानातील उंढेरा हे लहानसे गाव निवडण्यात आले. बडोदे शहरापासून ते सहा मैलांवर होते. गावात प्लेग नुकताच शिरला होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये एके दिवशी गावातील माणसांना घरवारीने रस्त्यावर बोलावण्यात आले. प्रत्येक कुटुंबातील जवळजवळ निम्म्या माणसांना लस टोचावयाची व निम्म्यांना टोचावयाची नाही, असे ठरले होते. पुरुष, बायका, मुले, धट्टेकट्टे व दुबळे हे सगळे दोन्ही बाजूंस सारखे वाटले जावे, अशी काळजी घेण्यात आली. हजारावर वस्तीच्या त्या गावात ५१३ जणांना लस टोचण्यात आली. आता दोन्ही रांगांतील माणसे एकाच छपराखाली झोपत होती, एकाच चुलीवरचे अन्न खात होती आणि एकाच रोग्याची शुश्रूषा करीत होती. राहणीच्या भेदाचे कारण पुढे करण्यास जागा उरली नव्हती.

काही आठवड्यांनी गावाची पुन्हा पाहणी झाली. २८ कुटुंबांत प्लेग आढळला होता. त्या कुटुंबांत टोचून घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ दगावली. न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावली. लसीचा उपयोग नसता, तर टोचून घेतलेल्यांत सुमारे १५ मृत्यू व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात झाले तीन. या चार घरांत मनुष्यजीवनाचे केवढे दुःख सामावले आहे! त्या सव्वीस जणांपैकी प्रत्येकाचे नाव होते, घर होते. सर्वांनाच लस का टोचली नाही, असा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु त्या दिवशी लस तारक आहे की मारक, हेच निश्चित ठाऊक नव्हते. अशा प्रयोगात भाग घेणाऱ्या माणसांची समजून-उमजून संमती घ्यावी आणि त्यांच्या जीविताची शक्य तेवढी काळजी वाहावी, असे कडक नियम पुढील काळात जगाने केले, ते योग्यच होय.

हाफकिन यांच्या आकड्यांची छाननी करण्यासाठी सरकारने प्लेग आयोग नेमला. काही ठिकाणचे आकडे पुरेशा काटेकोरपणे घेतलेले नाहीत, असा दोष आयोगाने दाखविला. पण लसीने रोगाचे व मृत्यूंचे प्रमाण कमी होते, हा मुख्य निष्कर्ष त्याने मान्य केला. १८९९ साली मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

यशाच्या या शिखरावर असतानाच त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व दगावले. देशात हाहाकार उडाला. लस म्हणजे विष, असे लोक म्हणू लागले. सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखविले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

वस्तुतः येथेही दोन रांगांची मांडणी बोलकी होती. त्या दिवशी पाच बाटल्यांतील लस वापरली गेली होती. दगावलेल्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नव्हता. म्हणजे दोष लसीच्या जातीत नव्हता, एका बाटलीत होता, इतके कोष्टकानेच सिद्ध होत होते. मात्र त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू परळला शिरले की मलकोवालला, हे केवळ आकड्यांवरून कळण्याजोगे नव्हते. त्यासाठी प्रत्यक्ष घटनांचा माग काढणे आवश्यक होते. बाटलीचे बूच काढताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा लसीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते, तर तिला दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. हा पुरावा समितीने पुरेसा लक्षात घेतला नाही.

हाफकिन यांनी धीर सोडला नाही. त्यांनी कागदपत्रे जमविली आणि शास्त्रज्ञांपुढे आपली बाजू मांडली. १९०७ साली हिवतापाच्या डासांचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ नामवंत शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले. अखेर त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यास काम करू लागले. परंतु परळची आपली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. काही वर्षांनी सेवानिवृत्त होऊन ते युरोपात गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी घालून दिलेल्या रीतीचे पुढे शास्त्र बनले. १९१५ साली इंग्लंडमधील ग्रीनवुड व यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी लसींच्या आकड्यांची परीक्षा कशी करावी, यावर एक विस्तृत निबंध लिहिला. दोन्ही रांगांतील माणसे महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखी असली पाहिजेत. रोगाशी त्यांचा संपर्क सारखाच आला पाहिजे. आणि टोचले की नाही हे ठरविताना रोग झाला की नाही याचा विचार मध्ये येता कामा नये, अशा अटी त्यांनी सांगितल्या. या अटी पुऱ्या करण्याची धडपड त्याआधी सतरा वर्षे उंढेऱ्याच्या रस्त्यावर झाली होती.

आज प्लेगवर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हेही सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे हाफकिन यांची ती जुनी लस आता सरसकट वापरली जात नाही. परंतु कोणतीही नवी लस किंवा नवे औषध आले, म्हणजे ते घेणाऱ्यांची व न घेणाऱ्यांची तुलना आजही अशाच चार घरांत मांडली जाते. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले आणि ती संस्था त्यांचे नाव आजही चालवीत आहे. परक्या देशात जन्मलेल्या या पुरुषाने महाराष्ट्राला लस दिली, तशीच खरे-खोटे पारखण्याची एक सवयही दिली. स्वतःच्या शोधाविषयी मनात पूर्ण खात्री असतानाही त्यांनी तिला पुरावा मानले नाही. दुसरी रांग मोजून होईपर्यंत ते थांबले.